डांबराखाली काय आहे?

पावसाळा सरला, आकाश निवळले आणि दसरा-दिवाळीचे वेध लागले, की आपल्या शहरांतून आणखी एका सणाची तयारी सुरू होते. तो सण डांबराचा! रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग पडतात, भट्ट्यांतून काळा धूर निघू लागतो, रोलरची घरघर ऐकू येते आणि चार दिवसांपूर्वी जेथे पाऊल टाकणे अवघड होते तेथे काळीभोर, तुकतुकीत पट्टी उलगडलेली दिसते. नारळ फुटतो, छायाचित्र निघते आणि करदाता नागरिकही ‘झाला एकदाचा रस्ता’ असे म्हणून समाधानाचा निःश्वास टाकतो. हे समाधान किती दिवस टिकते, ते सांगावयास नको. मृगाच्या दोनचार सरी पडल्या, की त्या पट्टीला भेगा पडतात, आषाढात तिची खपली निघते आणि श्रावणात खालचा मुरूम वर येऊन आपली ओळख पटवितो. मग खड्ड्यांची छायाचित्रे छापणे हे आमच्यासारख्या वृत्तपत्रांचे काम, ती पाहून संतापणे हे वाचकांचे काम आणि ‘पाऊस उघडताच डांबरीकरण हाती घेऊ’ असे आश्वासन देणे हे अधिकाऱ्यांचे काम! हे रहाटगाडगे इतक्या वर्षांचे आहे, की त्यात काही विपरीत आहे हेच आपण विसरून गेलो आहोत.

या साऱ्या चर्चेत प्रश्न नेहमी एकच विचारला जातो : डांबर केव्हा पडणार? आमच्या मते हा प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलेला आहे. विचारावयास हवे ते असे, की डांबराखाली काय आहे?

आपला मुलूख डांबराच्या विद्येत मागासलेला आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये, आपल्याच शहराच्या वेशीतून निघणाऱ्या सोलापूर–विजापूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ च्या चौपदरीकरणात, २५.५४ किलोमीटर लांबीचा एकपदरी रस्ता अवघ्या १८ तासांत डांबरी करण्यात आला. सुमारे ५०० कामगार त्यासाठी राबले आणि त्या विक्रमाची वार्ता देशभर गेली. पुढे जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा एकपदरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत पुरा होऊन त्याची नोंद गिनेसच्या पुस्तकात झाली. या पराक्रमांचे कौतुक आम्हांसही आहे. परंतु शुक्रवार पेठेत राहणारा एखादा गृहस्थ हे आकडे वाचून मनाशी हिशेब मांडू लागला, तर त्याला दोष देता येईल काय? तासाला जवळजवळ दीड किलोमीटर! या वेगाने त्याची गल्ली तर सकाळचा चहा निवण्यापूर्वी डांबरी व्हावयास हवी. मग तिला वर्षानुवर्षे ठिगळांवर ठिगळे का लागावीत?

या प्रश्नाचे उत्तर त्या विक्रमातच दडलेले आहे. १८ तासांत जो झाला तो रस्ता नव्हे. तो रस्त्याचा वरचा थर. त्या थराच्या आधी जमीन खोदली गेली, भराव पडला, तो थराथराने दाबला गेला, खडीचे पदर बसले, दोन्ही बाजूंना उतार दिला गेला आणि पाणी कोठून जाणार याचा निर्णय झाला. हे काम महिनोन्‌महिने चालते. त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही आणि त्याचा नारळही कोणी फोडीत नाही. डांबर हे रस्त्याच्या कामातील शेवटचे वाक्य आहे. महामार्गावर ते शेवटी लिहिले जाते; शहराच्या गल्लीत मात्र पुष्कळदा तेवढे एकच वाक्य लिहून संपूर्ण निबंध झाल्याचे जाहीर होते.

डांबर हा शब्दच आपल्याला थोडा फसवितो. आपल्या भाषेने त्यावरून ‘डांबरट’ असे विशेषण घडविले आणि लबाड माणसाच्या माथी मारले. वास्तविक हा पदार्थ मोठा गुणी आहे. पूर्वी डांबर म्हणत ते दगडी कोळसा तापविताना निघणाऱ्या काळ्या द्रवाला. आज रस्त्यावर पडते ते निराळे. खनिज तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल वगैरे काढून घेतल्यानंतर तळाशी उरणारा जो काळा, चिकट गाळ, ज्याला यंत्रज्ञ बिटुमेन म्हणतात, तेच आजचे डांबर. ते पाणी आत येऊ देत नाही, दगडाला दगड चिकटवून ठेवते, तापविले की पातळ होते आणि निवले की घट्ट होते. आमच्या दख्खनच्या काळ्या पाषाणाशी तर त्याचे विशेष जुळते. गारगोटीच्या किंवा ग्रॅनाइटच्या खडीपेक्षा बेसाल्टच्या खडीला ते अधिक चांगले धरून राहते. म्हणजे दगडाच्या बाबतीत सोलापूरवर निसर्गाची कृपाच आहे.

परंतु एक गोष्ट नागरिकांनी ध्यानात ठेवावी. उत्तम प्रतीच्या डांबरी मिश्रणातही वजनाने डांबर असते शंभरात अवघे पाच-सहा भाग. बाकी सारी खडी, कच आणि दगडाची भुकटी. आपण ज्याला डांबरी रस्ता म्हणतो तो खरोखर दगडी रस्ता आहे, डांबर हे त्याला बांधणारे सूत आहे. सुताने वस्त्र टिकते हे सोलापूरला कोणी शिकवावयास नको. पण ताणाच विरविरीत असला तर पेठेतल्या कोणत्या विणकराची चादर टिकेल?

हे ज्ञान काही आजचे नाही. सिंधुकाठी मोहेंजोदडो येथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी जे महास्नानगृह बांधले गेले, त्याच्या विटांच्या भिंतींमध्ये नैसर्गिक डांबराचा साधारण इंचभर जाडीचा थर सापडला. तो थर वर लावलेला नव्हता. विटांच्या दोन पदरांमध्ये दडविलेला होता. डोळ्यांना दिसावा म्हणून नव्हे, पाणी झिरपू नये म्हणून तो तेथे आला. बाबिलोनच्या राजांनीही विटा सांधण्यासाठी डांबर वापरले. त्या प्राचीन गवंड्यांना डांबराचे मर्म कळले होते, ते असे, की या पदार्थाचे वैर पाण्याशी आहे आणि पाण्याचा बंदोबस्त हेच त्याचे खरे काम आहे.

आधुनिक रस्त्याचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या जॉन लाउडन मॅकॅडमने तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जे रस्ते बांधले त्यांत डांबराचा थेंबही नव्हता. त्याचा सिद्धान्त सरळ होता : भार पेलते ती खालची जमीन, ती कोरडी राहिली तर कितीही वजन सोशील, भिजली तर काहीच सोसणार नाही. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीहून उंच ठेवावा, त्याला दोन्ही कडांना उतार द्यावा आणि वर लहान, टोकदार खडी दाबून बसवावी. डांबर आले ते पुढे, मोटारींच्या चाकांनी या खडीची धूळ उडू लागली तेव्हा. एडगर हूली या इंग्रज यंत्रज्ञाने १९०२ साली डांबर आणि धातूची मळी यांच्या मिश्रणाचे पेटंट घेतले आणि ‘टारमॅक’ हा शब्द रूढ झाला. म्हणजे इतिहासाचा क्रमही तोच आहे : आधी तळ, मग उतार, मग खडी आणि सर्वांत शेवटी डांबर. आम्ही मात्र हा क्रम उलटा करून पाहिला आणि त्याची फळे दरसाल भोगीत आहोत.

आता आपल्या पेठेकडे वळू. शुक्रवार पेठ ही सोलापूरच्या जुन्या वस्तीचा भाग. १८८५ पासूनची परंपरा सांगणाऱ्या आजोबा गणपतीची ही पेठ. अशा जुन्या पेठांतील गल्ल्या मोटारींसाठी आखलेल्या नाहीत. माणूस आणि बैलगाडी यांच्या मापाने त्या पडत गेल्या. घराचा उंबरठा आणि रस्ता यांत पुष्कळ ठिकाणी एका पायरीचेच अंतर. गल्लीच्या पोटात नळ, गटार, विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा यांची दाटी. सूर्य चैत्र-वैशाखात पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढवितो, तेव्हा काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग हवेहून पंधरा-वीस अंशांनी अधिक तापतो. रस्त्याच्या कामात सर्रास वापरले जाणारे डांबर सुमारे ४७ ते ५० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, हे लक्षात घेतले म्हणजे येथे कोणत्या प्रतीचे डांबर वापरावे आणि मिश्रणात खडीची बांधणी किती घट्ट असावी, हा केवळ कागदावरचा तपशील राहत नाही. शहराभोवतीची काळी माती तर प्रसिद्धच आहे. भिजली की फुगते, वाळली की फाटते. अशा मातीवर मुरमाचा पुरेसा थर न देता रस्ता केला, तर तो उन्हाळ्यात एका तऱ्हेने आणि पावसाळ्यात दुसऱ्या तऱ्हेने मोडणार, यात नवल ते काय?

खड्डा कसा पडतो, हे एकदा नीट समजून घ्यावयास हवे. तो वरून पडत नाही, खालून पडतो. उन्हाने आणि हवेने डांबर वर्षागणिक कोरडे, ठिसूळ होत जाते आणि त्याला बारीक भेग पडते. त्या भेगेतून किंवा रस्त्याच्या कडेने पाणी आत उतरते. ते खालचा मुरूम भिजवून मऊ करते. वरून चाक गेले, की ते पाणी दाबाने इकडून तिकडे धावते आणि बारीक माती वाहून नेते. तळाशी पोकळी होते, वरचा थर निराधार होतो, आणि एके दिवशी एखाद्या जड गाडीच्या चाकाखाली तो बसतो. आपण पाहतो ती शेवटची घटना. तिच्यावर खडी-डांबराचे घमेले ओतून रोलर फिरविणे म्हणजे पोटातल्या दुखण्यावर कपाळाला लेप लावण्यासारखे आहे. पाणी जेथून शिरले ती वाट तशीच राहते आणि नवा खड्डा जुन्या ठिगळाच्या कडेलाच उमलतो.

दुसरा दोष याहून छुपा आहे. दर डांबरीकरणाच्या वेळी जुना थर खरवडून न काढता त्यावरच नवा थर चढविला जातो. एका वेळचा थर अडीच ते चार सेंटीमीटरांचा धरला, तरी चार वेळांत रस्ता दहा ते सोळा सेंटीमीटर वर येतो. म्हणजे घरासमोरची एक पायरी गडप होते! आजोबांनी जे घर रस्त्याहून उंच बांधले ते नातवाच्या काळात रस्त्याहून खोल गेलेले असते. ना घर खचले, ना पाया. वर आला तो रस्ता. मग वळिवाचा पाऊस झाला, की गल्लीचे पाणी गटाराकडे न जाता उंबऱ्याकडे धाव घेते. धान्याचे डबे, मुलांची पुस्तके, मागावरचे सूत भिजते. ज्याच्या घरात पाणी शिरले त्याला नवा डांबरी रस्ता ही सुधारणा वाटावी अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? जुने डांबर खरवडून काढणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत आणि ते डांबर पुन्हा तापवून वापरताही येते. खर्च थोडा वाढेल, परंतु शेकडो उंबरठे वाचतील.

तिसरा दोष खोदाईचा. आज डांबर आणि उद्या कुदळ, ही म्हण व्हावी इतकी परिचित गोष्ट झाली आहे. नळ फुटला, गटार तुंबले, नवी तार टाकावयाची आहे. कारणे खरी असतात आणि खोदणेही अपरिहार्य असते. दोष आहे तो चर बुजविण्याच्या रीतीत. चर बुजविताना वीतभर जाडीचा एकेक थर घालून, पाणी मारून, तो ठोकून मगच पुढला थर घालावयाचा असतो. प्रत्यक्षात निघालेली माती तशीच लोटून दिली जाते आणि वर कच पसरला जातो. पहिल्या पावसात चर खचतो आणि पुऱ्या गल्लीला आडवी खाच पडते. रस्ता एका खात्याचा, नळ दुसऱ्याचा, तार तिसऱ्याची. आणि या तिघांचे पंचांग मात्र वेगवेगळे!

छपरांच्या बाबतीतही हाच न्याय लागू आहे, कारण डांबर हे केवळ रस्त्याचे द्रव्य नव्हे. आपल्या भागातील जुनी घरे माळवदी. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर आणि दरसाल पावसाळ्यापूर्वी त्याची डागडुजी. माळवदे जाऊन सिमेंटचे स्लॅब आले आणि गळू लागलेल्या गच्चीवर डांबर ओतणे किंवा डांबरी कागद अंथरणे हा सोपा उपाय झाला. रिकाम्या पिंपांचा पत्रा ठोकून सरळ केला आणि त्याने गरिबांच्या कित्येक झोपड्यांना भिंती दिल्या. गच्चीवरचे डांबर मात्र पुष्कळांना दोन उन्हाळ्यांतच दगा देते. कारण तेच : उघड्या उन्हात ते तडकते, आणि गच्चीला पन्हळीकडे उतार नसेल तर तुंबलेले पाणी त्या तड्यातून वाट काढते. उतार नीट करून, डांबराचा थर आत ठेवून, वर फरशीचे किंवा पांढऱ्या रंगाचे आच्छादन दिले तर तेच डांबर पुष्कळ वर्षे सेवा करते. मोहेंजोदडोच्या गवंड्याने केले ते हेच.

कोणी म्हणेल, हे सारे पुस्तकी ज्ञान झाले; आपल्याकडे असा रस्ता होतो कोठे? तो झाला आहे, आणि लांब नाही, पुण्यात झाला आहे. जंगली महाराज रस्ता १९७६ साली बांधला गेला. त्या वेळी पुणे महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष श्रीकांत शिरोळे होते आणि काम रेकॉन्डो या पारशी बंधूंच्या कंपनीकडे होते. कंपनीने दहा वर्षांची हमी लिहून दिली. ती मुदत १९८६ साली संपली. रस्ता मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे खड्ड्यावाचून उभा राहिला आणि त्याची कीर्ती दंतकथेसारखी झाली. त्यात जादू नव्हती. मापात घेतलेले गरम मिश्रण, पाण्याचा निचरा, आणि केलेल्या कामाच्या खाली सही करून दहा वर्षे तिला बांधून राहण्याची तयारी, एवढेच भांडवल होते. जे पुण्यात जवळजवळ अर्ध्या शतकापूर्वी जमले ते सोलापुरात आज जमू नये, असे मानण्यास आम्ही तयार नाही.

काँक्रीट हा यावर रामबाण उपाय आहे, असा एक सूर अलीकडे ऐकू येतो. काँक्रीटचे गुण आम्ही नाकारीत नाही. रुंद, जड रहदारीच्या रस्त्यांना ते शोभते. परंतु ज्या गल्लीच्या पोटात जुने नळ आहेत आणि जेथे खोदण्याची वेळ वारंवार येते, तेथे काँक्रीट फोडणे आणि पुन्हा सांधणे डांबराहून कितीतरी कठीण. शिवाय उंबऱ्याचा प्रश्न तेथेही उभाच राहतो. नवी द्रव्येही येत आहेत. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लॅस्टिक डांबरी मिश्रणात वापरण्याची रीत शोधली आणि २०१८ साली ते पद्मश्रीचे मानकरी झाले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसर येथे वनस्पतिजन्य लिग्निन मिसळलेल्या डांबराचा राष्ट्रीय महामार्गावरील पट्टा खुला झाला. आपला देश डांबराच्या गरजेचा मोठा हिस्सा परदेशांतून आणतो, हे पाहता असे प्रयोग स्वागतार्हच आहेत. पण द्रव्य बदलल्याने तळ बदलत नाही. भिजलेल्या मुरमावर चांदीचा पत्रा अंथरला तरी तो खचेलच!

येथे एका थोर मराठी माणसाचे स्मरण करणे उचित होईल. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्ते-विकास समिती नेमली गेली. जे पेट्रोल जाळून रस्ता झिजवितात त्यांच्याकडून कर घेऊन तो रस्त्यांवरच खर्च करावा, या तिच्या शिफारशीतून १९२९ साली केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला आणि १९३४ साली भारतीय रस्ते परिषद स्थापन झाली. तात्पर्य, रस्ता ही कोणाची कृपा नव्हे. रस्ता वापरणाऱ्याने त्याचे मोल आधीच चुकते केलेले असते. आज न्यायासनही तेच सांगत आहे. चांगला रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले असून, खड्डे आणि उघडी मॅनहोल यांपायी मृत्यू ओढवल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश त्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. भरपाईने गेलेला माणूस परत येत नाही. परंतु खड्ड्याला आता किंमत आली आहे, ही जाणीव तरी संबंधितांना व्हावी.

त्या खड्ड्याची किंमत पूर्वीही होती. ती मोजणारे कोणी नव्हते. डोक्यावर विड्यांची टोपली घेऊन कारखान्याकडे निघालेली कामगार स्त्री, सुताची बाचकी लादलेला हातगाडीवाला, पाठीवर दप्तर घेऊन सायकल मारणारा विद्यार्थी, बाळंतिणीला घेऊन रुग्णालय गाठणारा रिक्षावाला, हे सारे ती रोज चुकवीत होते. मोटारीत बसणाऱ्याला खड्डा हा धक्का आहे. पायी चालणाऱ्याला तो मोडलेला पाय आहे. आणि संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हा बाराबंदी घातलेला मानकरी तो उंच, जड ध्वज तोलून अनवाणी पाऊल टाकतो. त्या पावलाखालचा रस्ता केवळ यात्रेपुरता गुळगुळीत असावा, की वर्षभर, याचा विचार शहराने करावा.

म्हणून सोलापूर महानगरपालिकेपुढे, मग तेथे लोकप्रतिनिधी असोत वा प्रशासक, आम्ही काही मागण्या ठेवीत आहोत. एक, ज्या गल्लीत डांबर पडावयाचे तेथील नळ, गटार आणि तारा यांची कामे आधी पुरी करावीत, त्याची नोंद जाहीर करावी आणि नंतर ठरावीक मुदतीपर्यंत अपघाती दुरुस्तीखेरीज खोदाईस परवानगी देऊ नये. दोन, जुना थर खरवडल्यावाचून नवा थर घालू नये आणि रस्त्याची उंची उंबऱ्याखालीच राहील याची खूण काम सुरू होण्यापूर्वी घराघराच्या भिंतीवर करावी. तीन, रस्त्याच्या मध्यापासून कडेपर्यंत मीटरामागे निदान दोन सेंटीमीटरांचा उतार आणि पाणी घेणारे वाहते गटार असल्याखेरीज काम पुरे झाले असे मानू नये. चार, प्रत्येक कामावर मराठीत फलक लावावा. त्यावर ठेकेदाराचे नाव, खर्च, लांबी, थराची जाडी, तारीख आणि दुरुस्तीची जबाबदारी किती वर्षे, हे स्वच्छ लिहिलेले असावे. पाच, केलेल्या थराचे नमुने नागरिकांसमक्ष कापून तपासावेत. शहरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारखी अभियांत्रिकी संस्था असताना परीक्षकांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. सहा, जो खोदील त्यानेच थराथराने चर बुजवावा, आणि तो खचला तर खर्च त्याच्याकडूनच वसूल व्हावा.

आणखी एक मागणी आहे, ती रस्त्यासाठी नव्हे, रस्ता करणाऱ्यांसाठी. हे मिश्रण सुमारे दीडशे अंशांपर्यंत तापविलेले असते आणि शंभर अंशांच्या खाली निवण्यापूर्वी त्यावर रोलर फिरावा लागतो. नाहीतर ते दाबले जात नाही. म्हणजे कामाची घाई ही त्या कामाच्या स्वभावातच आहे, आणि ती घाई सोसणारे मजूर, त्यांत बायकाही, पायाला गोणपाट गुंडाळून त्या वाफेत उभे असतात. जाड तळव्यांचे बूट, हातमोजे, नाकावर आवरण आणि पिण्याचे पाणी यांची तरतूद निविदेतच असावी. ज्यांच्या पायांचे तळवे पोळतात त्यांच्या रस्त्यावरून आपण सुखाने चालावे, हे सुसंस्कृत शहराला शोभत नाही.

नागरिकांनाही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. उत्सवाच्या मांडवासाठी आणि कमानीसाठी नव्या रस्त्यात पहार घालून खड्डे घेणे, अंगण धुतलेले पाणी आणि भरून वाहणाऱ्या टाकीचे पाणी रस्त्यावर सोडणे, गटारात कचरा कोंबणे, घराची पायरी पुढे सरकवून गटार झाकणे, ही कामे कोणा ठेकेदाराची नाहीत. ती आपली आहेत. वाळूच्या पिंपांत खांब रोवून मांडव उभा राहू शकतो. आजोबा गणपतीच्या पेठेने या बाबतीत शहराला धडा घालून द्यावा. नातवंडे आजोबांचे ऐकतील अशी आम्हांस आशा आहे. वृक्षांच्या बुंध्यापर्यंत डांबर लिंपण्यासही रहिवाशांनीच हरकत घ्यावी. मुळांना पाणी आणि हवा मिळण्यापुरती माती मोकळी राहिली, तर वैशाखात त्याच रस्त्यावर सावली पडेल.

१ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झालेली आमची नगरपालिका १ मे १९६४ रोजी महानगरपालिका झाली. १९३० साली आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकविण्याचे धैर्य दाखविणारी ही संस्था. तिच्याकडून आम्ही अशक्य ते मागत नाही. विक्रम नको, २५ किलोमीटरही नकोत. शुक्रवार पेठेतील एकच गल्ली घ्यावी. तिचा तळ, तिचे नळ, तिचे गटार, तिचा उतार आणि शेवटी तिचे डांबर, हे सारे योग्य क्रमाने, जाहीर हिशेबाने आणि लिहून दिलेल्या हमीने करावे. ती गल्ली तीन पावसाळे टिकली, तर पुढील गल्ल्यांसाठी नागरिक स्वतः वर्गणी देण्यासही मागे हटणार नाहीत, इतका या शहराच्या दानतीवर आमचा विश्वास आहे. आणि तोपर्यंत, घरासमोर डांबराचे पिंप येऊन उभे राहिले, की प्रत्येक रहिवाशाने हात जोडून, नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत न हलता, एवढेच विचारावे : याच्याखाली काय आहे?